केनियात जिराफ नीट बघायचा आणि त्याचे चांगले फोटो काढायचे तर काय काय करायचं

केनियाला जाणाऱ्या बहुतेक ग्रुपमध्ये एक गोष्ट हमखास होते. पहिला जिराफ दिसला की गाडीत एकच गलका, सगळे छतातून वर, दोन मिनिटं धडाधड फोटो, आणि दुसऱ्या दिवसापासून तोच जिराफ दिसला की "अरे जिराफच आहे, चला पुढे, सिंह कुठेय बघू". मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण सफारीवर सगळ्यात जास्त काही दाखवणारा प्राणी हाच आहे. तो गवतात लपत नाही, दिवसभर झाडाखाली आडवा पडून राहत नाही, गाडी बघून लगेच पळत नाही, बाकीच्या सफारीवाल्यांची गर्दीही त्याच्याभोवती नसते. त्याला फक्त वेळ द्यावा लागतो. एका कळपापाशी इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबायची तयारी असेल तरच पुढचं सगळं उपयोगाचं आहे, आणि फोटोचंही तेच, महागड्या लेन्सपेक्षा थांबण्याने जास्त फरक पडतो.

आधी कुठे जायचं ते ठरवा

केनियात जिराफाचे तीन प्रकार बघायला मिळतात आणि तिन्ही वेगवेगळ्या भागात, म्हणून नकाशा घेऊन बसा. मसाई मारा, अंबोसेली, त्सावो आणि नैरोबी नॅशनल पार्क इथे मसाई जिराफ, त्याचे ठिपके वेडेवाकडे, कडा फाटलेल्या पानासारख्या. उत्तरेला सांबुरू, बफेलो स्प्रिंग्ज, लायकिपिया, मेरू या भागात जाळीदार जिराफ, म्हणजे मोठे तांबूस-तपकिरी चौकोन-षटकोन आणि मधे पांढऱ्या रेषा अशा स्वच्छ की कोणी ब्रशने आखल्यात असं वाटावं. तिसरा न्यूबियन, ज्याला अजून बरेच गाईड रॉथशिल्ड जिराफच म्हणतात, तो लेक नाकुरूला सहज दिसतो, आणि ओळखायची सोपी खूण म्हणजे गुडघ्याखाली ठिपके नाहीत, पाय पांढरेधोप. ऑगस्ट २०२५ मध्ये आययूसीएनने (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संस्था) जिराफाच्या चार स्वतंत्र प्रजाती मान्य केल्या (मसाई, जाळीदार, उत्तरेकडचा, दक्षिणेकडचा), न्यूबियन त्यातल्या उत्तरेकडच्या प्रजातीत मोडतो. थोडक्यात एकाच देशात, रस्त्याने फिरून, चारपैकी तीन प्रजाती बघता येतात, ही केनियाची मोठीच जमेची बाजू.

माझं स्पष्ट मत, फोटोसाठी एकच जागा निवडायची झाली तर सांबुरू. जाळीदार जिराफ रंगाने सगळ्यात देखणा, खाली लाल माती, एवासो न्यिरो नदीच्या काठाला डूम पामची झाडं, आणि माऱ्याच्या मानाने गाड्या कमी. नैरोबीहून रस्त्याने पाच-सहा तास लागतात म्हणून बरेच टूरवाले ते गाळतात, तुम्ही गाळू नका, दोन रात्री तरी ठेवा. अंबोसेलीत जिराफ आणि मागे ५,८९५ मीटरचा किलिमांजारो हा फोटो सगळ्यांना हवा असतो, पण डोंगर साधारण सकाळी लवकर आणि कधी संध्याकाळीच मोकळा असतो, नंतर ढगात जातो, त्यामुळे तिथे एकच रात्र राहून हा फोटो मिळेल असं धरून चालू नका. नैरोबी नॅशनल पार्क तर शहराला लागूनच आहे, १९४६ पासूनचा, ११७ चौरस किलोमीटरचा, आणि जिराफामागे उंच इमारती असा फोटो दुसरीकडे मिळणं अवघड. तिथून आता रेल्वेचा लांबलचक पूलही जातो, पार्कच्या डोक्यावरून, त्याच्या खांबांमधून प्राणी ये-जा करतात, तो फोटो सुंदर येईलच असं नाही पण आज तिथे काय परिस्थिती आहे ते त्यातून कळतं, मी तर मुद्दाम काढायला सांगेन. विमान सकाळी उतरत असेल तर अर्धा दिवस इथेच घालवा.

नैरोबीच्या लांगाटा भागातल्या जिराफ सेंटरमध्ये हाताने खाऊ घालता येतो, लहान मुलं सोबत असतील तर जरूर जा, पण ते जंगलातलं बघणं नव्हे, त्यावर फार लिहीत नाही. नैवाशाजवळ हेल्स गेट नॅशनल पार्कमध्ये मात्र सायकलवर किंवा पायी फिरता येतं आणि क्रेसेंट आयलंडवरही चालत फिरता येतं. जमिनीवर उभं राहून साडेपाच मीटरच्या नराकडे बघणं आणि गाडीतून बघणं यात फार फरक आहे. फक्त अंतर ठेवा, जिराफाची लाथ सिंहाला मारू शकते, आणि आई-पिल्लाच्या मधे तर चुकूनही जाऊ नका.

कधी जायचं आणि निघण्याआधीचं काय

आपल्याकडे सुट्ट्या म्हणजे मे नाहीतर दिवाळी. मार्च ते मे तिथला मोठा पाऊस, गवत उंच, काळ्या मातीचे रस्ते चिखलाचे, पण कॅम्प स्वस्त, आकाश नाट्यमय आणि गर्दी नाही, पाऊस चालत असेल तर मे अगदीच वाईट नाही. नोव्हेंबरात छोटा पाऊस. जुलै ते ऑक्टोबर कोरडा हंगाम, पण वाइल्डबीस्ट या मोठ्या आफ्रिकी हरणांच्या स्थलांतरामुळे माऱ्याचे दर आणि गर्दी दोन्ही आभाळाला. जिराफ स्थलांतर करणाऱ्यांमधला नाही, तो बारा महिने तिथेच असतो, मग फक्त त्याच्यासाठी जाताय तर जानेवारी-फेब्रुवारी किंवा जूनची सुरुवात जास्त सोयीची. कोरड्या दिवसांत पाणवठ्यावर पाणी पिताना दिसायची शक्यताही वाढते.

कागदपत्रांत दोनच गोष्टी ठळक. जायच्या आधी ऑनलाइन ईटीए (प्रवासाची परवानगी) काढायचा, आणि पिवळ्या तापाची लस. लस टोचून घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, परत भारतात उतरताना ते नसेल तर क्वारंटाइन होऊ शकतं, आणि हे प्रकरण आपल्याकडे कडक आहे. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, चिवडा-लाडू भरताना आपण जी झबला पिशवी सहज टाकतो ती टाकू नका, कापडी पिशवी आणि डबे घ्या. पार्कमध्ये वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत, स्वतःची बाटली ठेवा. प्लग तिकडे तीन चौकोनी पिनांचा लागतो, अडॅप्टर इथूनच घेतलेला बरा.

गाडी आणि ड्रायव्हर, इथेच अर्धं काम होतं

बुकिंग करताना तीन प्रश्न विचारा: छत वर उघडतं का, प्रत्येकाला खिडकी आहे का, गाडी फक्त आपली की आणखी लोक भरणार. फोटोचं वेड असेल तर गाडीत चार जणांवर नको, आणि ते चौघंही थांबायला तयार असणारे हवेत. तुम्ही जिराफासाठी थांबायचं म्हणताय आणि मागच्या सीटवर कोणाला बिबट्याची घाई आहे, अशा गाडीत दोघांचाही दिवस फुकट जातो.

ड्रायव्हर-गाईडशी पहिल्याच संध्याकाळी बोला. त्या लोकांना सवय झालेली असते की पाहुण्यांना बिग फाइव्ह (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) पटापट हवेत आणि नाही दिसले तर चेहरे पडतात, म्हणून ते वायरलेसवर ऐकत पळत राहतात. त्यांना शांतपणे सांगा की आम्हाला 'ट्विगा' (स्वाहिलीत जिराफ) बघायचेत, तासभर एका जागी थांबलो तरी चालेल, थांबलं की इंजिन बंद करा, आणि सूर्य आमच्या पाठीशी राहील अशी गाडी लावा. एवढं ऐकून बहुतेक गाईड खूश होतात, कारण त्यांनाही खूप काही माहीत असतं आणि विचारणारं कोणी नसतं. माऱ्याच्या मुख्य रिझर्व्हमध्ये रस्ता सोडून गाडी घालायला मनाई आहे, त्यांना टिपचं आमिष दाखवून ते करायला लावू नका, दंड त्यांना बसतो आणि लायसन्स त्यांचं जातं. भोवतालच्या खाजगी कन्झर्व्हन्सींमध्ये (प्राण्यांसाठी राखलेल्या जमिनींमध्ये) नियम थोडे मोकळे आणि गाड्या कमी, बजेट असेल तर तिथे राहणं वसूल होतं.

शोधायचा कसा आणि बघायचं काय

दिसायला तो एवढा मोठा, तरी बाभळीच्या रानात दुपारच्या उन्हात अख्खा कळप समोर असून दिसत नाही असं होतं. झाडांच्या शेंड्यांच्या रेषेवर नजर ठेवा, कान हलताना आधी दिसतात. एक जिराफ दिसला की लगेच कॅमेरा उचलू नका, आजूबाजूला अजून कोण आहेत ते मोजा, पिल्लं बहुतेक वेळा एकत्र असतात आणि जवळ एखादी मादी उभी असते.

नर-मादी ओळखायला शिंगं बघा. मादीची बारीक आणि टोकाला काळ्या केसांचा झुपका, मोठ्या नराची जाड आणि वर टक्कल पडलेलं, कारण मारामारीत केस घासून जातात. म्हाताऱ्या नराच्या कपाळावर मधेही एक टेंगूळ वाढलेलं असतं. खाण्याच्या पद्धतीतही फरक दिसतो, नर मान पूर्ण ताणून वरचा पाला खातो, माद्या बऱ्याचदा मान वाकवून खांद्याच्या उंचीचा.

खाताना दुर्बिणीतून तोंडाकडे बघा. साधारण ४५ सेंटिमीटरची जांभळट-काळी जीभ काट्यांमधून वळत जाते, फांदीला विळखा घालते आणि पानं ओरबाडून घेते, बोटभर लांब पांढरे काटे तिथल्या तिथे राहतात. माऱ्यात आणि नैरोबीत काळ्या मातीवर शिट्टी बाभूळ म्हणून एक झुडूप आहे, त्याच्या काट्यांच्या बुडाशी पोकळ गाठी असतात आणि त्यात मुंग्या राहतात. जिराफाने फांदी हलवली की त्या मुंग्या बाहेर येऊन तोंडावर चढतात. जिराफ थोडा वेळ सहन करतो, मान झटकतो, मग पुढच्या झुडपावर जातो, आणि तिथेही तेच. झाड आणि मुंग्यांची ही भागीदारी वीस फुटांवरून डोळ्यांनी बघता येते, फक्त त्यासाठी पाच मिनिटं गाडी हलली नाही पाहिजे.

दुपारी बाकीचे लोक जेवायला कॅम्पवर जातात तेव्हा सावलीत उभा असलेला जिराफ बघा. तो रवंथ करत असतो. चावून झालं की गिळतो, घास मानेतून खाली जातो, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग एक गोळा खालून वर सरसरत येताना कातडीखालून चक्क दिसतो, गळ्यापाशी पोचला की जबडा परत चालू. हे व्हिडिओत फार छान येतं, फोटोत काही कळत नाही, म्हणून मोबाइल खिडकीच्या काठावर टेकवून दोन मिनिटं सलग शूट करा.

सगळे जिराफ खाणं थांबवून एकाच दिशेला टक लावून बघत असतील तर तुम्हीही तिकडे बघा, बऱ्याचदा सिंह असतो. आणि ते टक लावून तुमच्याकडेच बघत असतील, जबडा थांबलाय, कान पुढे आलेत, तर तुम्ही जास्त जवळ गेलात, तिथेच थांबा किंवा हळू मागे घ्या. परत चघळायला लागला की त्याने तुम्हाला मान्य केलं म्हणायचं. शेपटी वर वळली आणि तो पळत सुटला तर पाठलाग करू नका.

आता फोटो

सगळ्यात आधी अंतराचं गणित, कारण जिराफाच्या बाबतीत ते उलटं आहे. वाघ-बिबट्यासाठी आपण मोठ्यात मोठी लेन्स शोधतो, इथे पूर्ण जिराफ फ्रेममध्ये बसवायचा तर ४०० एमएम लेन्सला, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा उभा धरून, जवळपास ८० मीटर लांब असावं लागतं. २०० एमएमला चाळीसेक मीटर. १०० एमएमला वीस. म्हणून ७०-२०० किंवा १००-४०० अशी झूम लेन्स पुरते, ६०० एमएमचं ओझं फक्त पापण्या आणि जीभ यांच्यासाठी वाहून न्यायचं का ते तुम्ही ठरवा. याच गणितामुळे मोबाइलवाल्यांसाठी हा सफारीतला सगळ्यात चांगला प्राणी आहे, तीन एक्सवाला ऑप्टिकल झूम असेल तर वीस मीटरवरचा जिराफ उभ्या फ्रेममध्ये व्यवस्थित बसतो. डिजिटल झूम ओढू नका, त्यापेक्षा छोटा जिराफ आणि भोवती मोठं माळरान असा फोटो घ्या, तो जास्त चांगला दिसतो.

पाय कापू नका. घाईत सगळ्यात जास्त होणारी गडबड हीच, चेहऱ्याकडे बघताना खुर फ्रेमच्या बाहेर जातात. एकतर पूर्ण घ्या, नाहीतर मान आणि डोकंच घ्या, मधेच गुडघ्यात तोडलेला फोटो अर्धवट वाटतो. चालताना जिराफ एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम टाकतो, त्यामुळे पाय फाकलेले असतानाच दाबा, एकमेकांवर आले की नुसता गुंता दिसतो.

सेटिंग फार डोक्यावर घेऊ नका. शटरचा वेग हाताने ठरवा आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर टाका. उभा किंवा खात असेल तर १/५००, चालतोय तर १/८००, पळतोय किंवा मारामारी असेल तर १/२०००. अॅपर्चर (लेन्स किती उघडी ते) एफ ५.६ ते ८, एकापेक्षा जास्त जिराफ असतील तर ८ कडे. डोकं नेहमी आकाशावर येतं आणि कॅमेरा त्या उजेडाला फसतो, चेहरा काळा पडतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजेड) अर्धा ते एक स्टॉप, म्हणजे पायरी, वाढवा. सूर्य मागे असेल आणि काळी आकृती हवी असेल तर उलट एक-दोन स्टॉप कमी करा, आणि मान झाडाच्या फांद्यांपासून सुटी दिसेल अशी वाट बघा, गाडी दोन-चार फूट मागेपुढे घेऊनही काम होतं. प्राण्याच्या डोळ्यावर फोकस करणारी सोय जिराफावर चालते, पण त्याच्या मानेवर गोचिड्या वेचणारे ऑक्सपेकर पक्षी आणि समोरचे काटे फोकस पळवतात, अशा वेळी सिंगल पॉइंट (फोकसचा एकच बिंदू) घ्या.

विषुववृत्त जवळ असल्यामुळे वर्षभर साधारण साडेसहाच्या आसपास उजाडतं आणि तितक्यालाच मावळतं, सूर्यही सरळ वर चढतो, त्यामुळे सोनेरी उजेड जेमतेम अर्धा-पाऊण तास. सहाला गेट उघडतं तेव्हा तुम्ही तिथे हवेत, नाश्ता डब्यात बांधून घ्या. नऊ-दहानंतर जमिनीवरून गरम हवेच्या लाटा उठतात आणि लांबचा फोटो कोणत्याही लेन्सने मऊच येतो, तेव्हा जवळचे तपशील घ्या किंवा कॅमेरा ठेवून नुसतं बघा.

छतातून की खिडकीतून? जिराफाच्या चेहऱ्याचा फोटो छतातून, कारण खालून काढला की नाकपुड्या आणि हनुवटीच दिसते. पिल्लू, बसलेला जिराफ आणि पाणी पिणारा जिराफ खिडकीतून. ट्रायपॉडचा गाडीत उपयोग नाही, कॅमेरा टेकवायची बीनबॅग रिकामी न्या आणि तिथे पोचल्यावर तांदूळ किंवा घेवडा भरा. धूळ प्रचंड असते, गाडीत लेन्स बदलायचं टाळा.

पाणी पितानाचा फोटो हवा असेल तर धीर धरा आणि लांब थांबा. जिराफ पाण्यापाशी येतो, बघतो, एक पाऊल टाकतो, परत मागे जातो, हे वीस मिनिटंही चालतं, कारण पाय फाकवून मान खाली घातली की तो सगळ्यात असुरक्षित असतो. एवढ्या वेळात कोणी दार आपटलं किंवा इंजिन सुरू केलं की संपलं. खाली वाकला की घाईने शंभर फोटो मारू नका, शटर १/२००० करा, फ्रेमच्या वरच्या बाजूला भरपूर जागा सोडा आणि थांबा. तो डोकं झटक्यात वर घेतो तेव्हा तोंडातून पाण्याची धार कमानीसारखी उडते. तो क्षण सेकंदभराचा, आणि वर जागा सोडली नसेल तर डोकं फ्रेमच्या बाहेर. डोकं एवढं खाली जाऊन लगेच वर येतं तरी त्याला चक्कर येत नाही, मेंदूखालच्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं आणि मानेतल्या शिरांमधल्या झडपा रक्ताचा दाब सांभाळतात, आणि हा दाब आपल्या दुप्पट असतो. हे माहीत असलं की ते वाकणं बघताना वेगळंच वाटतं.

नरांची मानेची मारामारी सुरू झाली तर झूम कमी करा. दोघं शेजारी शेजारी उभे राहतात, थोडा वेळ नुसते एकमेकांना रेटतात, मग एक जण मान लांब नेऊन डोकं हाणतो. मान लांब गेली की बर्स्ट (एकामागून एक सलग फोटो) सुरू करायचा, आपटण्याच्या क्षणी दाबलं तर उशीर झालेला असतो.

परत आल्यावर

केनियातले जाळीदार आणि मसाई दोन्ही जिराफ आययूसीएनच्या यादीत २०१८-१९ पासून संकटग्रस्त आहेत, आणि तुमचे फोटो त्यांच्या अभ्यासाला खरंच उपयोगी पडू शकतात. प्रत्येक जिराफाची नक्षी वेगळी असते आणि ती जन्मभर बदलत नाही, त्यावरून संशोधक एकेक जिराफ ओळखतात. जिराफस्पॉटर नावाच्या वेबसाइटवर कोणीही फोटो देऊ शकतं, सोबत तारीख आणि जागा टाकायची. त्यासाठी लागतो तो बाजूने काढलेला, खांद्यापासून पाठीपर्यंत पूर्ण अंग दिसणारा साधा फोटो, कलात्मक नसला तरी चालेल. डाव्या आणि उजव्या बाजूची नक्षी सारखी नसते, म्हणून जमलं तर दोन्ही बाजू घ्या, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ विमानातून उतरल्यावर अडीच तास मागे करून ठेवा म्हणजे वेळेचा घोळ होणार नाही.